आडवी बाटली

बोरी अरबजवळच्या तांड्यात देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायांचं मतदान झालं आणि आडवी बाटली, म्हणजे बंदीची खूण, जिंकली. दोन वर्षं दारोदार फिरून बायांना गोळा करणारी हंसाबाई गुलाल लावून पारावर बसली होती. अंगावर कोरी करकरीत हिरवी जरीची साडी.

यवतमाळहून आलेल्या पत्रकारानं बातमीचा मथळा वाटेतच ठरवला होता.

"मावशी, दारूपायी तुमच्या घरचं कोण गेलं?"

"कोणीच नाही. माह्या मालकानं तं सुपारीले बी कधी हात लावला नाही."

"मग एवढं काहून केलं?"

"गावातल्या बायाईसाठी."

ते उत्तर त्याला मथळ्यापेक्षाही आवडलं. फोटो काढून तो गेला.

हंसाबाई उठली आणि मिरवणूक सोडून एकटीच दुकानाकडे गेली. ओढलेल्या शटरखाली, पायरीवर दुकानाचा मालक डोकं धरून बसला होता. लालसिंग, तिचा सख्खा भाऊ. ती पदर नीट करून त्याच्यासमोर उभी राहिली.



"दादा, साडी ओळखली का? बापाच्या वावरातला हिस्सा सोडल्याची माही सही घेतली, त्या दिवशी तूच देल्ती. तेच वावर इकून तू हे दुकान टाकलं. तवाच ठरवलं होतं, याले कुलूप लागन त्याच दिवशी साडीची घडी मोडीन."