खडूचा गोल

किन्हवलीत घराच्या पडवीत बसून रोशन शहामृगाच्या कातड्याच्या पर्स शिवायचा. कातड्यावर डाग दिसला की तो त्याच्याभोवती खडूने गोल काढायचा, म्हणजे कापताना रापी तिथून लांब राही. जिथे कापायचं, तिथे सरळ रेघ मारायचा.

त्या दुपारी उकाड्याने त्याने सदरा काढला, तशी बायको रंजिता हसली. "अवो, पाठीवर तिळाभोवती खडूचा गोल कोनी काढला?"

"माझा हात तरी पोचतो का गो तिथं?"

तिने ओल्या पदराने गोल पुसला. रोशन परत कामाला बसला, तर कातड्यावर मघाशी काढलेला गोल गायब. त्या जागी नुसती ओल होती.

त्याला काही उमजेना. कातडं गुंडाळून त्याने माळ्यावर टाकलं आणि खडू विहिरीत फेकला.

दुसऱ्या दिवशी आंघोळीआधी सदरा काढून त्याने रंजिताला हाक मारली. "बघ गो, गोल हाय का परत?"

ती मागे येऊन उभी राहिली.

"गोल नाय," ती म्हणाली. "सरळ रेघ हाय. मानेपासून खाली. अजून पुढं सरकतेय."