तीन मीटरचा कोनाडा

"ही माणसं तुम्ही मारलीत, साहेब," बोगद्यातल्या आगीच्या भर चौकशीत इंजिनिअर कडाडला. "बोगद्यात आग लागली तर धूर कुठं जाईल, ते मी कॉम्प्युटरवर मांडत होतो. तुम्हाला घाई, म्हणून हिशेबासाठी बोगद्याचे दहा-दहा मीटरचे चौकोन पाडले. त्याहून लहान धुराचे भोवरे त्यात दिसतच नाहीत, अंदाजपंचे भरावे लागतात. भिंतीतला कोनाडा तीन मीटरचा. धूर तिथंच घुमत राहिला."

इंजिनिअरला वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला. तेवढ्यात मागच्या बाकावरून त्याची धाकटी बहीण उठली. त्याच धुरात गुदमरून गेलेल्या मुकादमाची बायको.

"दादा, धूर दिसला तर पळू नका, कोनाड्यात उभे राहा, असं यांना साहेबांनी सांगितलं होतं की तू?"