गरिबांचा कैवारी

पॉलिहाऊसमधल्या काकडीची पानं कोळी नावाच्या बारीक किडीने पिवळी पडत चालली होती. बाहेर निघताना सासऱ्यांनी जावयाच्या हाती भिंग दिलं. "पानांच्या मागे नजर ठेवा, जावईबापू. एवढं पीक वाचलं तर वर्ष निभेल."

संध्याकाळी भाविक जावई खुशीत सांगू लागला, "मामा, कोळी दोन जातींचे आहेत. एक बिचारे सुस्त, पानाला तोंड लावून बसलेले. त्यांना मारायला हात धजेना. दुसरे मात्र दांडगे, या गरिबांनाच धरून खात होते. म्हटलं, दुर्जनांना कसली दया? दिवसभर वेचून वेचून चिरडले."

सासऱ्यांनी त्याच्या हातातलं भिंग काढून घेतलं.

 

"अहो, ते दांडगे मीच विकत आणून सोडले होते."