चल, येतो

दादा परागंदा झाल्यापासून आमच्या फोनवर पाळत आहे. म्हणून त्याच्या युक्तीनं आमचं बोलणं कुलूपबंद होऊन विणकामाच्या एका व्हिडिओत दडून येतं-जातं. बघणाऱ्यांना वाटावं, बाई बसलीये टाके शिकत. मला साधं बटण लावता येत नाही, हे त्यांना काय माहीत! पडद्यावर एक पाठमोरी बाई निळा स्वेटर विणत असते, एवढंच.

"जेवलीस?"

"जेवले. तू कधी येणार रे?"

"चल, येतो."

आमच्या घरात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. फोन ठेवतानाही दादा 'येतो'च म्हणतो.

मी फोन ठेवला, पण व्हिडिओ काही बंद होईना. बाईच्या सुया थांबल्या होत्या. तिच्यासमोर दार होतं, ते मला आजवर दिसलंच नव्हतं. त्यावर टकटक झाली.

"आलो गं," दादाचा आवाज.

माझं दार गप्पच होतं. धावत जाऊन कडी ओढली, ती जागची हलेना. 'दादा, मी इकडे आहे' असं ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून हूं का चूं निघेना.

पडद्यावरची बाई विणकाम ठेवून उठली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "आले हं, दादा."