विभागात पहिले

"ज्येष्ठस्नेही शहरांच्या पाहणीत आपण विभागात पहिले आलो, ताई!" नगरपरिषदेचे मोहोळकर पेढे पुढे करत म्हणाले. अण्णांच्या फोटोला घातलेला हार दिसताच त्यांनी आवाज खाली आणला. पेढ्यांचा पुडा मात्र पुढेच राहिला.

"तक्रारी नसण्याला सर्वांत जास्त गुण होते. पूर्वी ज्येष्ठांच्या महिन्याला चार तक्रारी यायच्या. या तीन महिन्यांत एकही नाही."

त्या चारही अण्णांच्याच असत. दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा बसवा, एवढीच मागणी. त्याच पायऱ्यांवरून पडून ते तीन महिन्यांपूर्वी गेले.

"शनिवारी सत्कार आहे. साहेब म्हणाले, या यशात अण्णांचा वाटा मोठा, घरचं कुणीतरी हवंच."

 अण्णांच्या अर्जांवर कायम कुरकुरणारी आई उठून आत गेली आणि कठड्याचा अर्ज स्वतःच्या अक्षरात दोनदा लिहून घेऊन आली.

"एक प्रत तुम्हाला. दुसरीवर पोच द्या."

मोहोळकरांचा चेहरा पडला. "आजी, शनिवारपर्यंत तरी थांबा की. गुण कापतील."

"ह्यांनी चार वर्षं वाट पाहिली," म्हणत आईनं त्यांच्या हातात पेन दिलं.