कपाटामागची बालटी

वाघ मुतारीमागच्या धानाच्या बांधीत बसला होता आणि चौदा लेकरं वर्गात कोंडली होती. दोन तास होत आले होते. पीक कंबरभर वाढलेलं, त्यात वाघ दिसत नव्हता. तो गेलेला नाही, एवढंच ठाऊक होतं. वनविभागाच्या माणसांनी फोनवर बजावलं होतं, आम्ही येतपर्यंत कडी काढू नका. ते सिंदेवाहीहून निघाले होते म्हणे. निघाले होते ते निघालेलेच होते.

नूतन मॅडम पुढच्या खिडकीशी फोन धरून उभ्या होत्या. मागच्या दाराला पाठ लावून रुखमाबाई बसली होती. या शाळेची खिचडी शिजवता शिजवता तिला बावीस वर्षं झाली. गुराख्याची आरोळी आली तेव्हा ती व्हरांड्यात वाढत होती. तिनं लेकरं आत ढकलली, मॅडमनी दार लावलं. खिचडीचा गंज बाहेर राहिला, पळी तेवढी हातात आली. ती पळी मांडीवर घेऊन रुखमाबाई अशी बसली होती, की वाघ आलाच तर आधी त्याला दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असते.

शब्दांची तिच्याकडे कमी नव्हती. तिची शाळा दुसरीपर्यंतच, पण जीभ पार पुढं गेलेली. नावं पाडण्यात गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. जाड्या प्रणितचं पोतं झालं, डोळे चोळणाऱ्या स्वातीची चिपडी झाली. तिनं पाडलेलं नाव माणसाला लग्न होईपर्यंत सोडत नसे, याचा तिला अभिमान होता. जूनमध्ये खिचडीच्या रांगेत पहिलीतल्या सोमारीचा फ्रॉक ओला झाला. 'घ्या, गळकी आली,' रुखमाबाई म्हणाली. रांग हसली. पळी थांबलीसुद्धा नाही. सोमारी दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या दिवशी आली, तर ते नाव फाटकातच उभं होतं.

तेव्हापासून तिचा पेला कोरडा निघे. पेले रुखमाबाईच घासायची, तिला ते दिसत होतं. घास अडकला तरी पोरगी पाणी पीत नाही म्हणून तिनं सोमारीला दोनदा झापलंही होतं. हिचं डोकं रोज दुपारी का दुखतं, ते मॅडमना उमगत नव्हतं. आज सकाळी त्यांनी समोर उभं राहून तिला दोन पेले पाणी पाजलं होतं.

एक वाजता मॅडमनी कपाटामागं पत्र्याची बालटी ठेवली. ज्याला लागली त्यानं जा, लाजू नका, असं दोनदा सांगितलं. एकही उठलं नाही. प्रणित घामाघूम होऊन नऊचा पाढा पुन्हा पुन्हा म्हणत होता. स्वाती ओठ चावत होती. सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती, आधी कोण उठतं म्हणून. भेदरली बिचारी, असं रुखमाबाईला वाटलं. तिनं मांडी बदलली. सकाळपासूनचा तीन कप चहा तिच्याही ओटीपोटात दाटला होता. पण रुखमाबाई पोराटोरांच्या देखत कपाटामागं जाईल, हे होणं नव्हतं.

तिच्या डोक्यावर कडी वाजली. जराशीच.

तिनं वर पाहिलं. सोमारी दोन दप्तरांवर उभी राहून, टाचा उंचावून, कडी सरकवत होती. दाराबाहेर पंधरा पावलांवर मुतारी. मुतारीमागं बांधी.

रुखमाबाईनं तिचं मनगट धरलं. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण पोरीचा चेहरा पाहून आवाज आपोआप खाली आला.

"काऊन वो, तिथी वाघ बसला हाय. भेव नाई लागत तुले?"

सोमारी अगदी हळू बोलली.

"वाघ नाव नाई पाडत, आजी."

रुखमाबाईच्या मुठीतलं मनगट काडीएवढं होतं. तिनं वर्गाकडे पाहिलं. प्रणितचे गुडघे आवळलेले, स्वातीचे आवळलेले, भिंतीशी बसलेल्या चौथीतल्या मोठ्या पोरांचेसुद्धा. दाराबाहेर वाघ होता म्हणून दार बंद होतं. कपाटापर्यंतच्या सहा पावलांत तर वाघ नव्हता.

तिनं पळी खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठली.

"मॅडम, तुमची ओढणी द्या," ती म्हणाली, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मले लागली."

प्रणित फसकन हसला आणि घाबरून त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. सोमारीला हाताशी धरून रुखमाबाई कपाटापाशी गेली, तुझा नंबर माझ्यामागं म्हणून तिच्या कानात सांगितलं, आणि ओढणीची दोन्ही टोकं तिच्या हातात दिली. सोमारीनं ओढणी आडवी धरली आणि न सांगता तोंड भिंतीकडं फिरवलं.

पत्र्याची बालटी वाजली. साऱ्या वर्गानं ऐकलं. या वेळी कोणी हसलं नाही. प्रणित उठला आणि सोमारीच्या मागं येऊन उभा राहिला. त्याच्यामागं स्वाती आली. सोमारीच्या हातात ओढणी हलत होती.

"घट्ट धर, सोमारीबाई," ओढणीमागून रुखमाबाई म्हणाली. "या शाळेतली गळकी मी आहो."