खरं बोलणाऱ्याचं घर

"एकदाच 'नाही' म्हणा. एवढंच मागतेय मी," लोइस म्हणाली. "कोणी येऊन विचारलं, वर कोण आहे, तर कोणी नाही म्हणायचं."

थॅडियस वेदरेलने टाक दौतीत बुडवला. "मी खोटं बोलत नाही, लोइस. तुला ठाऊक आहे."

तिलाच काय, सगळ्या एल्मफोर्ड गावाला ठाऊक होतं. प्रत्येकाच्या आत परमेश्वर आहे आणि खोटं बोलणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं, अशी व्याख्यानं थॅडियस पंधरा वर्षं देत होता. वर तो तसा वागायचाही, ही खरी पंचाईत. गुलामांच्या घामाची म्हणून घरात साखर येत नसे. कापसाचा धागाही येत नसे. वेदरेलांकडे चहाला जायचं तर साखर खिशात घेऊन जावी, असं शेजारणी म्हणत.

वरच्या खोलीत शनिवारपासून केझाया होती. मेरीलँडमधल्या मालकाकडून पळून आलेली, पावलं सोललेली. कॅनडाकडे नेणारी गाडी उद्या यायची होती. नवा कायदा झाल्यापासून पळालेल्या गुलामांना धरणारे लोक गुलामी नसलेल्या उत्तरेतही मोकाट फिरत होते. थॅडियसने केझायाला स्वतः हात धरून वर नेलं होतं, आणि कोणी विचारलं तर मी सांगणार, हेही तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं. ती बिचारी बघतच राहिली.

"तुमच्या एका शब्दापायी त्या बाईच्या गळ्यात साखळी पडेल," लोइस म्हणाली.

"आज एक खोटं खपवलं, तर उद्या माझ्या लिहिण्याला काय अर्थ?"

"लिहिणार तुम्ही आणि भोगणार ती!"

तो दुखावला. लोइस एरवी असं बोलत नसे. पण शनिवारपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रस्त्यावर चाकं वाजली की हातातलं भांडं सुटायचं. तिने नीट जेवणही केलं नव्हतं. आपल्या बायकोचं मन फार कोवळं, असं थॅडियसने वहीत लिहून ठेवलं.

त्या घरात वह्या उघड्याच असत. मनातलं सगळं रोज लिहायचं आणि वही टेबलावर ठेवायची. ज्याला वाचायची त्याने वाचावी. थॅडियस पानंच्या पानं भरायचा. लोइसच्या वहीत नुसतं हवापाणी असे. बारा वर्षांपूर्वी ती शिवणकाम करायला गावात आली, त्याचं व्याख्यान ऐकायला बसली, आणि तीन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. माहेरचं तिला कोणी नव्हतं.

दुपारी फाटकाशी गाडी थांबली.

दारात उभा राहिलेला माणूस चांगला अदबशीर होता. त्याने टोपी काढली, पायपुसण्यावर बूट पुसले. "मी क्रोल. वेदरेलसाहेब, तुमचा बोस्टनच्या मासिकातला लेख वाचला. भेटल्यावाचून राहवेना."

थॅडियसची कळी खुलली. "या, या! लोइस, पाहुण्यांना चहा दे."

लोइसने चहा ओतला तो निम्मा बशीत. या माणसाच्या कोटाच्या खिशातून बेडीची कडी डोकावत होती. तिने ती पाहिली होती, थॅडियसने नाही.

"घरात तुम्ही दोघंच?" क्रोलने विचारलं.

लोइसने डोळ्यांनी नवऱ्याची विनवणी केली. थॅडियस ताठ बसला.

"नाही. वर एक बाई आहे. मेरीलँडहून पळालेली. तुमच्या-माझ्यासारखीच माणूस आहे आणि मी तिला माझ्या हाताने कोणाच्या ताब्यात देणार नाही. पण नाही असंही म्हणणार नाही."

लोइसने टेबलाची कड घट्ट धरली.

क्रोल हसला. "बसू द्या तिला वर. तिच्या नावाचा कागद माझ्याकडे नाही. ज्याचा कागद, त्यालाच न्यायचं. भलत्याला कशाला हात लावू?"

लोइसला रडू फुटलं. भीतीचं की सुटकेचं, तिचं तिलाच कळेना. थॅडियसने तिच्याकडे पाहिलं. बघ, मी म्हणालो नव्हतो, असा चेहरा.

"मी लेखाबद्दलच आलोय," क्रोल म्हणाला. त्याने मासिक काढलं. "बायकोवरचा हा लेख तुम्ही रोजच्या वहीतूनच घेतलाय ना? 'तिच्या हनुवटीखाली भाजल्याची अर्धगोल खूण आहे. पहाटे पीठ मळताना ती एक गाणं म्हणते. या मुलखात ते कोणालाच येत नाही. कुठे शिकलीस विचारलं की नुसती हसते.' फार सुरेख! पण लेखक मंडळी पदरचं घालतात म्हणे."

"मी नाही घालत," थॅडियस म्हणाला. "शब्दन् शब्द खरा आहे."

"लागलं तर शपथेवर सांगाल?"

"कुठेही सांगेन."

"अहो, गप्प बसा," लोइस म्हणाली.

क्रोलने खिशातून एक घडीचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि वाचला. "'पळाली तेव्हा वय एकोणीस. रंग इतका उजळ की गोऱ्यांत सहज खपून जाईल. हनुवटीखाली भाजल्याची खूण.'" मग तो उठला आणि लोइसकडे वळला.

"चल, चेनी. गाडी बाहेर उभी आहे."